न्यायवैद्यकीय मानसोपचार : कर्मचाऱ्यांच्या मानसिक गरजा

गुन्ह्याचा आरोप किंवा शिक्षा असलेल्या मनोरुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका, कक्षसेवक, मानसोपचारतज्ज्ञ, समाजसेवा अधीक्षक आणि पहाऱ्यावरचे पोलीस यांना हे काम वर्षानुवर्षे निभावण्यासाठी लागणारा आधार, असा ‘कर्मचाऱ्यांच्या मानसिक गरजा’ या संज्ञेचा अर्थ.

राज्यातली प्रादेशिक मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. सांगली-साताऱ्यात एकही नाही. त्यामुळे सांगलीच्या जिल्हा कारागृहातल्या कच्च्या कैद्याचा आजार बळावला, की पहिला भार ‘सिव्हिल’वर येतो. तिथल्या सिस्टर-ब्रदरना इतर रुग्णही सांभाळायचेच असतात.

या कामातला खरा ताण मारहाणीच्या भीतीपुरता नसतो. एकाच माणसाला रुग्णाची काळजीही घ्यायची असते आणि त्याच्यावर नजरही ठेवायची असते. गोळी दिली की तोंड उघडायला लावायचे, जीभ उचलायला सांगायची, गालात दडवली नाही ना ते पाहायचे; आणि लगेच त्याच माणसाला ‘झोप लागली का?’ असे मायेने विचारायचे. त्याच्या हातून घरातल्याचाच जीव गेला असेल, तर केसपेपर वाचलेल्या परिचारिकेला हे किती जड जाते, ते बाहेरच्याला कळणे अवघड आहे. दुसऱ्याचे दुःख सतत ऐकून येणाऱ्या थकव्याची मांडणी मानसशास्त्रज्ञ चार्ल्स फिगली यांनी १९९५ मध्ये केली. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लॅक यांनी कार्यजन्य थकव्याची (‘बर्नआउट’ची) भावनिक रितेपण, माणसांविषयी कोरडेपणा आणि आपल्या हातून काहीच होत नाही ही भावना अशी तीन अंगे दाखवली. यातला कोरडेपणा सर्वांत घातक, कारण तो शिस्त म्हणून खपून जातो.

म्हणून पुरेसे मनुष्यबळ आणि सुट्टी यांच्या जोडीला नियमित चर्चेची बैठक लागते. ‘मला त्याचा राग येतो’ हे तिथे मेमोची भीती न बाळगता बोलता आले पाहिजे. मारहाणीनंतर जबाब लिहून घेण्याआधी ‘तू बरी आहेस ना?’ असे विचारणारा वरिष्ठ हवा. पहाऱ्यावरच्या शिपायालाही या बैठकीत घ्यायला हवे; रुग्णाजवळ तासन्‌तास बसूनही आजाराविषयी त्याला सहसा कोणी काही सांगत नाही.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने तुरुंगातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना मूलभूत मानसोपचाराचे प्रशिक्षण देणे शासनावर बंधनकारक केले. रुग्णसेवकांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्याचा २०१० चा कायदा आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर कर्मचारीही चोवीस तास बोलू शकतात, पण वॉर्डातल्या सहकाऱ्यांसोबतच्या चर्चेची जागा तो घेऊ शकत नाही.