मोशे (व्यक्तिनाम)

मोशे : हिब्रू बायबलमधील व्यक्तिनाम. ग्रीकमध्ये मोउसेस, इंग्रजीत मोझेस, अरबीत मूसा. संपूर्ण हिब्रू बायबलात हे नाव एकाच व्यक्तीचे आहे : इस्राएली लोकांना ईजिप्तमधून बाहेर नेणारा नेता.

बायबलने दिलेली व्युत्पत्ती निर्गम या ग्रंथात (2:10) येते. लव्हाळ्यांत सापडलेल्या मुलाला पाण्यातून बाहेर काढले, म्हणून फारोच्या (ईजिप्तच्या राजाच्या) मुलीने त्याचे नाव मोशे ठेवले. येथे ‘माशा’ (बाहेर ओढून काढणे) हा धातू अभिप्रेत आहे. तो विरळ असून याखेरीज बायबलातील 2 शमुवेल 22:17 आणि तेच काव्य असलेले 18 वे स्तोत्र एवढ्याच ठिकाणी आढळतो. अडचण व्याकरणाची आहे. ‘मोशे’ हे रूप कर्तरी असल्याने त्याचा अर्थ ‘बाहेर काढणारा’ असा होतो, ‘बाहेर काढलेला’ असा नव्हे. शिवाय ईजिप्तची राजकन्या हिब्रू नाव का ठेवील, हा प्रश्न मध्ययुगीन भाष्यकारांनाही पडला होता. ज्यू भाष्यकार इब्न एझ्रा याच्या मते (बारावे शतक) मूळ नाव ईजिप्शियन असून मोशे हे त्याचे हिब्रू भाषांतर आहे. हिझ्कुनी या दुसऱ्या भाष्यकाराने नामकरणाचे श्रेय मुलाच्या आईला दिले. फायलो व जोसीफस या ज्यू लेखकांनी (इ. स. पहिले शतक) ईजिप्शियन ‘मोऊ’ (पाणी) या शब्दाकडे बोट दाखविले; आज हे मत मागे पडले आहे.

आधुनिक अभ्यासकांपैकी बहुतेक ईजिप्शियन ‘मस्’ (जन्म देणे) या धातूकडे झुकतात. थुतमोस, अहमोस यांसारख्या नावांत देवतानामानंतर तो येतो. देवतानाम गळलेले नुसते ‘मोसे’ हे नावही ईजिप्तच्या नवराज्यकाळात (इ. स. पू. सु. सोळावे ते अकरावे शतक) प्रचारात होते; ईजिप्तमधील सक्कारा येथील मोसे (मेस) याच्या थडग्यात फारो दुसऱ्या रामसेसच्या काळातील त्याच्या जमिनीच्या दाव्याची हकीकत कोरलेली आहे. या मतावरील आक्षेप ऊष्म वर्णाचा (स, श) आहे: त्याच धातूपासूनचे रामसेस हे नाव बायबलात ‘सामेख’ (स) वर्णाने लिहिले जाते, मोशे मात्र ‘शिन’ने (श). तथापि इ. स. पू. तेराव्या शतकातील कीलाकार (पाचरीच्या आकाराच्या चिन्हांच्या) लिपीतील पत्रांत रामसेसचे नाव ‘श’युक्त चिन्हांनी लिहिलेले दिसते. म्हणजे त्या काळी ईजिप्शियन ‘स’ परभाषेत ‘श’ने लिहिला जाई. त्यामुळे मोशे हे आधीचे आणि रामसेस हे नंतरचे उसने रूप मानल्यास आक्षेप बराच सौम्य होतो. पीनहास हे मोशेच्याच लेवी कुळातील नावही ईजिप्शियन आहे, ही बाब या मताला पूरक ठरते. यावरून मोशेच्या ऐतिहासिकतेविषयी मात्र काहीच सिद्ध होत नाही. त्याचा समकालीन बायबलबाह्य उल्लेख उपलब्ध नाही.

तालमूद (ज्यू धर्मशास्त्राचा ग्रंथ) रचला गेला त्या काळी ज्यू लोकांत हे नाव क्वचितच ठेवीत. मध्ययुगात ते रूढ झाले. तत्त्वज्ञ मोशे बेन मैमोन (1138–1204) हे त्याचे ठळक उदाहरण. कोकणातील बेने इस्राएल या ज्यू समाजात मुसाजी हे रूप प्रचलित होते.