यकृताचे ताठरतामापन

यकृताच्या ऊतकाची ताठरता शरीराला छेद न देता मोजून त्यावरून तंतुमयतेचा (व्रणासारखे तंतू साचण्याचा, म्हणजे फायब्रोसिसचा) अंदाज बांधण्याची प्रतिमानिदान पद्धती. तिला इलॅस्टोग्राफी म्हणतात. दवाखान्यात मात्र ‘फायब्रोस्कॅन’ हे एका यंत्राचे व्यापारी नाव सर्वच तपासण्यांना सरसकट लावले जाते. ते काटेकोर नाही.

पोटातील अवयव कठीण लागणे म्हणजे रोगाची खूण, ही जाण जुनी आहे. चरकसंहितेतील उदररोगांच्या वर्णनात वाढलेली प्लीहा कासवाच्या पाठीसारखी कठीण हाताला लागते असे सांगितले आहे. ताठरतामापन हे या हस्तपरीक्षेलाच दिलेले अंकांचे रूप होय.

पद्धतीचे जनकत्व वादग्रस्त आहे. जोनाथन ओफीर व त्यांच्या ह्यूस्टन येथील सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ‘इलॅस्टोग्राफी’ ही संज्ञा रूढ केली, म्हणून बहुतेक ग्रंथ आरंभ तेथूनच धरतात. तथापि रॉचेस्टर येथे लर्नर, पार्कर आदींनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातच ऊतकाला बाहेरून कंपने देऊन त्याचा प्रतिसाद डॉप्लर पद्धतीने टिपला होता, आणि १९८७ मध्ये क्राऊस्कॉप व सहकाऱ्यांनीही याच धर्तीची मापनयोजना मांडली होती. ओफीर यांची मूळ पद्धत ऊतक किंचित दाबून त्याचे आकुंचन पाहण्याची होती. यकृतासाठी आज वापरली जाते ती तरंगाची गती मोजण्याची. त्यामुळे नाव ह्यूस्टनचे असले, तरी यकृतापुरता वंश कंपनपद्धतीकडून सांगणे अधिक सयुक्तिक वाटते. चुंबकीय अनुस्पंदनावर (एमआरआयवर) आधारित प्रकार मेयो क्लिनिकमधील मुथुपिल्लई, एमन व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. लॉरां सांद्रँ व सहकाऱ्यांनी पॅरिसमध्ये विकसित केलेल्या क्षणिक कंपनपद्धतीचा यकृततंतुमयतेवरील निबंध २००३ चा आहे.

तत्त्व असे: ऊतकात निर्माण केलेला कर्तरी तरंग (आडव्या हेलकाव्याने पुढे सरकणारा, शिअर वेव्ह) ताठर माध्यमात वेगाने धावतो. घनता पाण्याइतकी धरली, तर यंगचा स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे ताठरतेचे माप, वेगाच्या वर्गाच्या घनतेशी होणाऱ्या गुणाकाराच्या तिप्पट येतो. तरंग सेकंदाला १ मी. गेला तर ३ किलोपास्कल आणि २ मी. गेला तर १२ किलोपास्कल. वेग दुप्पट होताच आकडा चौपट होतो. निरोगी यकृताचे मूल्य ५ किलोपास्कलच्या आसपास असते. सूत्रण रोगाची (सिऱ्हॉसिसची) सीमारेषा मूळ विकारानुसार बदलते. ती साधारण १२ ते १४ च्या दरम्यान धरतात.

क्षणिक कंपनपद्धतीच्या तपासणीपूर्वी रुग्णाने निदान तीन तास काही खाल्लेले नसावे, कारण जेवणानंतर यकृताकडील रक्तप्रवाह वाढतो व आकडा फुगतो. रुग्ण उताणा झोपून उजवा हात डोक्यामागे घेतो, म्हणजे बरगड्यांमधील फटी रुंदावतात. त्यांपैकी एकीत शलाका (यंत्राचा प्रोब) टेकवून कळ दाबली की बरगड्यांवर टिचकी मारल्यासारखा हलका ठोका बसतो. ५० हर्ट्झचा हा धक्का आत जात असताना श्राव्यातीत ध्वनी त्याचा माग काढतो. पडद्यावर तिरकी रेघ उमटते. तिचा उतार म्हणजेच वेग. दहा ग्राह्य मोजण्यांचा मध्यक घेतात. आंतरचतुर्थक विस्तार, म्हणजे मधल्या निम्म्या मोजण्यांमधील फरक, मध्यकाच्या ३०% पेक्षा जास्त असेल, तर निष्कर्ष विश्वसनीय मानत नाहीत. अहवालात हा विस्तार दिलेला नसेल, तर नुसत्या किलोपास्कलवर विसंबू नये.

तुलनेचा मानदंड जीवोतक परीक्षा, म्हणजे बायोप्सी, हाच राहिला आहे. यकृतातून सुईने नमुना प्रथम १८८३ मध्ये पाउल एर्लिख यांनी घेतला असे सामान्यतः सांगतात; काही लेखक हा मान १८९५ मधील लुकातेल्लो यांना देतात. मेंगिनी यांच्या १९५८ मधील जलद तंत्रानंतर ही परीक्षा सार्वत्रिक झाली. पण सुईत येणारा तुकडा यकृताच्या सुमारे पन्नास हजारांश असतो आणि २५ मिमी. लांबीच्या तुकड्यावरही तंतुमयतेची अवस्था सुमारे चौथाई वेळा चुकते. मानदंडच असा डगमगता असल्याने नव्या पद्धतीच्या ‘चुका’ नेमक्या कोणाच्या, हे ठरवणे अवघड होते. क्षणिक कंपनपद्धतीत तपासला जाणारा दंडगोल सुमारे १ सेंमी. रुंद व ४ सेंमी. लांब, म्हणजे बायोप्सीच्या तुकड्याच्या किमान शंभरपट असतो.

यंत्र मोजते ती ताठरता, तंतू नव्हे. तीव्र यकृतशोथ, पित्तमार्गातील अडथळा व हृदयविकारामुळे यकृतात तुंबलेले रक्त यांत तंतू नसतानाही आकडा चढतो. अशा वेळी मूळ विकार ओसरल्यावर मापन पुन्हा करणे इष्ट. प्रवेशद्वार सिरेतील (आतड्यांकडून यकृताकडे रक्त आणणाऱ्या पोर्टल शिरेतील) दाबाचा अंदाजही याच मापनाने घेतात: २० किलोपास्कलपेक्षा कमी ताठरता व रक्तात दर घन मिमी.मध्ये दीड लाखाहून अधिक बिंबाणू असल्यास अन्ननलिकेतील फुगलेल्या सिरांसाठी दुर्बीण तपासणी तूर्त टाळता येते, असे या दाबावरील तज्ज्ञांच्या २०१५ च्या बाव्हेनो परिषदेचे मत आहे.

कर्तरी तरंग द्रवातून जात नाहीत. म्हणून जलोदरात क्षणिक कंपनपद्धती निरुपयोगी ठरते. स्थूल व्यक्तींसाठी निराळी, अधिक खोलवर मोजणारी शलाका असते. चुंबकीय पद्धतीला या दोन्ही अडचणी फारशा जाणवत नाहीत, मात्र यकृतात लोह साचलेले असल्यास तिचा संकेत क्षीण होतो व मापन फसू शकते.