ग्रहविज्ञानातील विद्यार्थी पुरस्कार आणि शिष्यवृत्त्या

ग्रह, उपग्रह, लघुग्रह, धूमकेतू आणि अशनी यांवर संशोधन करणाऱ्या पदव्युत्तर व पीएचडी विद्यार्थ्यांना मिळणारे अर्थसाहाय्य आणि सन्मान. ग्रहविज्ञानाचा स्वतंत्र विभाग फार थोड्या विद्यापीठांत असतो. विद्यार्थी नावाला भूशास्त्राचा, खगोलशास्त्राचा किंवा रसायनशास्त्राचा असतो आणि त्याच्या कामाची खरी पारख असणारे लोक दूरवर विखुरलेले असतात. म्हणूनच या क्षेत्रातले बरेचसे पुरस्कार विद्यापीठे नव्हे, तर वैज्ञानिक संघटना देतात.

उदरनिर्वाह आणि शिक्षणखर्चाचा मोठा भार उचलतात त्या फेलोशिप. नासाने 2019 मध्ये ‘फिनेस्ट’ योजना सुरू केली. तीत संशोधन प्रस्ताव विद्यार्थ्याच्या कल्पनेतून उभा राहतो, पण कागदोपत्री मुख्य संशोधक त्याचा मार्गदर्शक असतो आणि अनुदान संस्थेच्या नावे, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी, मंजूर होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानची 1952 पासूनची पदव्युत्तर फेलोशिप मात्र अमेरिकेचे नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यापुरतीच आहे. झोंटा इंटरनॅशनल ही महिलांच्या प्रगतीसाठी काम करणारी संघटना 1938 पासून अमेलिया इअरहार्ट फेलोशिप देते. ती अवकाशविज्ञान व अवकाश अभियांत्रिकीत पीएचडी करणाऱ्या महिलांसाठी असून तिला राष्ट्रीयत्वाची अट नाही.

रकमेने लहान असली तरी प्रवास आणि क्षेत्रकार्याची अनुदाने सर्वांत मोलाची मानायला हवीत. आघातविवराचा, म्हणजे अशनी किंवा लघुग्रह आदळून पडलेल्या खड्ड्याचा, अभ्यास केवळ उपग्रहचित्रांवर पुरा होत नाही. आघाताच्या प्रचंड दाबाने खडकात उमटलेल्या खुणा शोधायला विवरावर जाऊन नमुने गोळा करावे लागतात, आणि मुख्य फेलोशिपमधून तो खर्च निघेलच असे नाही. बॅरिंजर कुटुंब निधी नेमका अशा क्षेत्रकार्याला पैसा देतो. अ‍ॅरिझोनातील विवर आघातानेच झाले, असे आयुष्यभर मांडणाऱ्या डॅनियल बॅरिंजर यांचे हे कुटुंब. अमेरिकन अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या ग्रहविज्ञान शाखेची हार्टमन प्रवास अनुदाने विद्यार्थ्यांना शाखेच्या वार्षिक परिषदेपर्यंत पोहोचवतात. आपण ज्यांचे शोधनिबंध वाचले त्यांच्याशी आपले संशोधन मांडणाऱ्या पोस्टरसमोर उभे राहून वाद घालण्याची संधी तिथे मिळते, आणि पुढची पोस्टडॉकची (पीएचडीनंतरच्या संशोधनाची) जागाही अनेकदा अशाच ओळखीतून कळते.

सादरीकरणाच्या पुरस्कारांत स्टीफन ड्वॉर्निक पुरस्कार विशेष परिचित आहे. 1991 मध्ये सुरू झालेला हा पुरस्कार टेक्सासमधील चंद्र व ग्रहविज्ञान परिषदेत अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या भाषणांना आणि पोस्टरांना दिला जातो. अशनींच्या अभ्यासकांची संघटना असलेल्या मीटिऑरिटिकल सोसायटीच्या वार्षिक बैठकीत उत्तम भाषणासाठी गॉर्डन मॅके पुरस्कार असतो. लेखी कामासाठी पेलास-रायडर पुरस्कार आहे. त्याची अट कडक, पण रास्त आहे: शोधनिबंध समीक्षित नियतकालिकात प्रसिद्ध झालेला हवा आणि विद्यार्थी त्याचा प्रथम लेखक हवा. मोठ्या मोहिमांच्या निबंधांवर लेखकांची नावे डझनांनी असतात. त्या गर्दीत कोणाचे काम किती, हे ठरवायला याहून सोपी कसोटी नाही. हा पुरस्कार अशनींचे अभ्यासक पॉल पेलास आणि चांद्रखडकांचे अभ्यासक ग्रॅहम रायडर यांच्या स्मरणार्थ आहे.

आघातविवरांवरील संशोधनासाठीचा यूजीन शूमेकर पुरस्कार या सर्वांत अधिक मोकळा आहे. विद्यार्थी कोणत्याही देशाचा, कोणत्याही देशात काम करणारा चालतो. भूशास्त्र, भूभौतिकी आणि खगोलशास्त्राबरोबर जीवशास्त्राचे विद्यार्थीही त्यासाठी अर्ज करू शकतात.