जाड लोकरीचे हातविणकाम (ग्रामीण विदर्भ)

दोन सुयांवर एकाच सलग धाग्याचे फास एकमेकांतून काढत कापड तयार करण्याची कला म्हणजे लोकरीचे हातविणकाम. त्यासाठी जाड धागा आणि जाड सुया घेतल्या की काम झपाट्याने पुढे सरकते. विदर्भाच्या खेड्यांत हे विणकाम पोटापाण्याचा धंदा म्हणून क्वचितच होते. वेचणी, स्वयंपाक, शाळा, अंगणवाडी यांतून उरलेल्या वेळेतला तो छंद आहे. येथील खरी थंडी दोन-अडीच महिन्यांची असल्याने जाड लोकर येथे विशेष सोयीची ठरते. बारीक लोकरीचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर दिवाळीनंतर हाती घेतला, तर अंगात घालायला मिळेपर्यंत होळी यायची.

‘विणणे’ हे एकच क्रियापद मराठीत कोष्ट्याच्या मागाला, बाजेच्या सुंभाला आणि सुयांवरच्या स्वेटरलाही चालते. नागपूरच्या कोष्टी-हलबा वस्त्या आणि भंडारा जिल्ह्यातील टसरच्या करवतकाठी साड्या यांमुळे विदर्भात ‘विणकर’ म्हटले की पहिल्यांदा मागच डोळ्यांपुढे येतो. मागावर उभा ताणा आणि आडवा बाणा काटकोनात अडकतात, म्हणून ते कापड फारसे ताणत नाही. सुयांवर धागा एकच असतो आणि तो वळणे घेत जातो. प्रत्येक टाका म्हणजे एक छोटी सैल कमान असते, त्यामुळे कापड ताणते आणि सोडले की पुन्हा जागेवर येते. मागाचे कापड कात्रीने कापून शिवता येते, विणलेले कापले तर टाके सुटत जातात. पण त्याच गुणामुळे विणलेली वस्तू टोकाकडून ओढत नेली की सगळी लोकर पुन्हा गुंड्यात गोळा होते. धनगरांचे आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या कुरमार मेंढपाळांचे घोंगडे लोकरीचे असले तरी मागावरचे आहे, ते या नोंदीत येत नाही. एकाच आकडीच्या सुईने होणारा क्रोशाही वेगळा, मात्र दोन्ही कामे एकाच हातातली असणे ही घरोघरची गोष्ट आहे.

सुयांवरच्या विणकामाचे जुने अस्सल नमुने इजिप्तमध्ये मिळाले आहेत आणि ते मध्ययुगातले आहेत. भारतात ही कला एकोणिसाव्या शतकात मिशनरी शाळा आणि इंग्रज कुटुंबे यांच्यामार्फत पसरली. विदर्भ हा कापसाचा मुलूख. वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेने हस्तव्यवसायाला शिक्षणाच्या मध्यभागी आणले, पण तेथे मान होता तो टकळीचा आणि सुताचा. येथली दख्खनी मेंढीची लोकर राठ, घोंगड्याला उत्तम पण गळ्याला टोचणारी. त्यामुळे विणायची मऊ लोकर नेहमी बाहेरून, मुख्यतः लुधियान्याकडून येत राहिली आणि पुढे तिची जागा बरीचशी ॲक्रिलिकने घेतली. १९६२ च्या चीन युद्धात देशभरच्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले, तेव्हा हा घरगुती छंद सार्वजनिक कामालाही लागला.

गावात विणकामाला दोन हक्काची निमित्ते आहेत, बाळंतविडा आणि रुखवत. बाळंतविड्यात टोपडे, मोजे आणि कुंची लोकरीची असली की ‘घरचे केलेले’ म्हणून तिचे कौतुक होते. रुखवतात लोकरीचे तोरण आणि क्रोशाचे रुमाल मांडले जातात. ही दोन्ही कामे नाजूक आहेत आणि बारीक धागा मागतात. जाड लोकर त्यांच्यासाठी नव्हे. ती मोठ्या माणसांच्या थंडीसाठी आहे.

ही थंडी कशी असते ते नीट सांगायला हवे, कारण काय विणायचे हे तीच ठरवते. जानेवारीत नागपूरचे रात्रीचे तापमान सरासरी १२-१३ अंशांच्या आसपास असते आणि दुपारी पारा २८ च्या पुढे जातो. २९ डिसेंबर २०१८ रोजी तर नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली. गोंदियाकडे आणि मेळघाटात चिखलदऱ्याच्या पठारावर गारठा आणखी बोचतो. पहाटे दात वाजतात आणि अकरा वाजता घाम येतो. म्हणून डोक्यातून घालायचा जाडजूड स्वेटर येथे निम्मा दिवस खुंटीवर राहतो. उपयोगी पडते ते झटकन चढवता-उतरवता येणारे : मफलर, कानटोपी, पुढून उघडा जाकिटासारखा स्वेटर, खांद्यावरची शाल, घरात घालायचे मोजे. शेतीपंपाला रात्रीची वीज असली की गहू-हरभऱ्याचे ओलीत रात्रीच करावे लागते. रानडुकरे आणि रोही (नीलगाई) पिकात शिरतात म्हणून जागल करावी लागते. जागलीला जाणाऱ्या माणसाच्या गळ्याभोवती आणि कानांवर जाड लोकरीचे दोन फेर असणे ही फार मोलाची गोष्ट आहे. गावातल्या विणणाऱ्या बायकांचे पहिले मफलर याच कामाला लागतात.

जाड म्हणजे किती जाड, याचे माप धाग्याच्या रुंदीने घेत नाहीत. चार इंचांत किती टाके बसतात त्यावरून घेतात. स्वेटरच्या नेहमीच्या मध्यम लोकरीचे चार इंचांत २१ ते २४ टाके बसतात. जाड लोकरीचे १२ ते १५ बसतात आणि तिला साडेपाच ते आठ मिलिमीटरची सुई लागते. अतिजाड लोकरीचे फक्त ७ ते ११. फरक केवढा पडतो ते एका मफलरवर पाहता येईल. आठ इंच रुंद आणि साठ इंच लांब मफलर धरू. मध्यम लोकरीने ओळीला सुमारे ४४ टाके आणि अशा सुमारे ४५० ओळी, म्हणजे जवळजवळ वीस हजार टाके. जाड लोकरीने ओळीला २८ टाके आणि ३०० ओळी, म्हणजे आठ हजार चारशे. काम निम्म्याहून खाली येते. रोज संध्याकाळी तासभर बसणारी बाई हा मफलर आठवड्या-दोन आठवड्यांत पुरा करते. नव्याने शिकणाऱ्या मुलीचा धीर सुटण्याच्या आत तिच्या हाती पुरी झालेली वस्तू येते, आणि शिकवणाऱ्यांना ठाऊक असते की पहिली वस्तू पुरी झाली तरच दुसरी सुरू होते.

सुयांच्या नंबरांचा घोळ मात्र समजून घ्यावा लागतो. आपल्याकडे अजून जुने इंग्लिश नंबर चालतात आणि त्यांत नंबर जेवढा मोठा तेवढी सुई बारीक. १० नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटरची, ८ नंबरची चारची, ६ नंबरची पाचची आणि शून्य नंबरची आठची. ‘मोठ्या नंबरची द्या’ म्हणून मागितली तर दुकानदार नेमकी नको तीच सुई हाती ठेवतो. मिलिमीटर सांगावेत हे बरे. जाड सुई बांबूचीही चांगली होते आणि बांबू तर गडचिरोली-मेळघाटचाच आहे. बुरडाकडून सरळ, बिनगाठीच्या कामट्या घेऊन घरी पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत केल्या की धागा अडकत नाही. ॲल्युमिनियमची जाड सुई थंडीत बोटांना गार लागते, बांबूची लागत नाही. जाड कामाचे ओझे लांब सुयांच्या टोकांशी लोंबते आणि मनगट दुखते. शाल किंवा जाकीट करायचे असेल तर दोन टोके तारेने जोडलेली गोल सुई घ्यावी, मग वजन मांडीवर राहते.

लोकर निवडताना रंगाआधी पीळ पाहावा. बिनपिळाची, पेळूसारखी फुगीर लोकर दुकानात मऊ आणि मोहक दिसते, पण वापरात तिच्यावर बारीक गोळे धरतात आणि तुराट्या-पऱ्हाट्यांत अडकून ती ओढली जाते. शेतावर जाणाऱ्याच्या अंगावर दोन-तीन पदरी, घट्ट पिळाचीच लोकर टिकते. मऊपणा हाताला नव्हे, गळ्याला लावून तपासावा. मध्यम लोकरीच्या १०० ग्रॅमच्या गुंड्यात दोनशे-सव्वादोनशे मीटर धागा असतो, जाडच्या गुंड्यात १०० ते १३० मीटरच. म्हणजे टाके कमी लागतात, पण लोकर वजनाने जास्त लागते, आणि हिशेब चुकला तर शेवटचा हातभर मफलर अडून बसतो. वेष्टणावर रंगाचा लॉट नंबर असतो, तो सगळ्या गुंड्यांवर एकच पाहून घ्यावा. दुसऱ्या घाण्यातला तोच लाल रंग उन्हात धरला की वेगळा दिसतो.

शुद्ध लोकर आणि ॲक्रिलिक यांतली निवड खेड्यात बहुधा किमतीवर होते, पण जागलीच्या कपड्यासाठी ती शेकोटीवरून व्हावी असे आग्रहाने सांगायला हवे. मेंढीची लोकर सहज पेट घेत नाही आणि ज्वाळेपासून दूर केली की विझते. ॲक्रिलिक भराभर पेटते, वितळते आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. ओळखायची रीत सोपी आहे. वीतभर धागा तोडून चिमट्यात धरून पेटवावा. केस जळल्याचा वास येऊन राख बोटांत भुगा झाली तर लोकर, टोकाशी काळी कडक गोळी झाली तर ॲक्रिलिक. शुद्ध लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल शोषूनही ओली लागत नाही, त्यामुळे पहाटेच्या दवातही ती ऊब सोडत नाही. घरात घालायचे मोजे, पोरांच्या शाळेच्या टोप्या, वारंवार धुवायचे कपडे यांना मात्र ॲक्रिलिक सोयीचे : स्वस्त, न आटणारे आणि कसर न लागणारे. आपल्या कापसाचा जाड धागा स्वेटरसाठी जड पडतो आणि लोंबतो, पण पिशव्यांना आणि पायपुसण्यांना त्याच्यासारखा दुसरा नाही.

आठवडी बाजारात जाड लोकर बहुधा मिळत नाही, मध्यमच मिळते. त्यावर बायकांनी काढलेला उपाय असा की मध्यम लोकरीचे दोन गुंडे शेजारी ठेवून दोन्ही धागे एकत्र विणायचे. साधारण जाड लोकरीएवढे माप मिळते, आणि एक धागा तपकिरी व दुसरा राखाडी घेतला तर जोंधळ्याच्या कडब्यासारखा ठिपकेदार रंग उमटतो. तो मळखाऊही असतो. विकतच्या एकरंगी जाड गुंड्यापेक्षा हा दुपदरी धागाच मला अधिक देखणा वाटतो. तयार स्वेटरांचा बाजार वेगळा आहे. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ १९७२ मध्ये नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत वसली. हिवाळ्यात गावोगावी फिरून स्वेटर विकणे हा भारतभरच्या तिबेटी कुटुंबांचा जुना व्यवसाय आहे. नागपूरच्या त्यांच्या दुकानांत हौशी बाया घ्यायला कमी आणि वीण पाहायला जास्त थांबतात. उलटी बाजू पाहिली की नमुना कळतो आणि घरी जाऊन तो उतरवता येतो.

विणीचा पाया दोनच टाक्यांचा. सुईत धागा मागे ठेवून काढला तो सुलट, पुढे घेऊन काढला तो उलट. प्रत्येक ओळ सुलट विणली की जाड, दोन्हीकडून सारखी, कडा न गुंडाळणारी वीण होते. पहिल्या मफलरला तीच घ्यावी. एक ओळ सुलट, एक उलट केली तर पुढची बाजू गुळगुळीत दिसते, पण कडा आत वळतात आणि मफलरची नळी होते. टोपीचा काठ एकाच ओळीत एक टाका सुलट, एक टाका उलट असा घातला की कानांवर घट्ट बसतो. जाड लोकरीत वेण्या आणि जाळ्यांचे गुंतागुंतीचे नमुने उठावदार दिसतात खरे, पण कापड फार जड होते. साधी वीणच तिला शोभते. सुरुवातीला चार इंचांचा तुकडा विणून टाके मोजायचा कंटाळा करू नये. जाड लोकरीत ओळीला चार टाके चुकले तर स्वेटर एक इंचाहून अधिक सैल होतो.

या छंदातला आनंद सांगायचा तर तो बोटांपासून सुरू होतो. दोन-तीन संध्याकाळींत हात सरावतो आणि डोळे मोकळे होतात. मग सकाळच्या उन्हात ओट्यावर बसून गप्पा मारता मारता, चुलीवरच्या वरणाकडे लक्ष ठेवून, पोरांचे पाढे ऐकत काम चालते. जाड टाका बोटाला लागतो, त्यामुळे लाईट गेली तरी ओळ थांबत नाही. हाक आली की ओळ पुरी करून सुया गुंड्यात खोचायच्या आणि उठायचे. काही सांडत नाही, करपत नाही, परत आल्यावर काम जिथल्या तिथे असते. दिवसभर दुसऱ्यांच्या वेळापत्रकावर चालणाऱ्या बाईला असे काम फार थोडे मिळते. एका बसणीत वीतभर वाढ दिसते, आणि स्वयंपाक व धुण्यासारखे हे काम दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून करावे लागत नाही. चुकले तर दहा ओळी उसवायच्या. लोकर तीच, पैसा गेलेला नाही. म्हाताऱ्या बायांना बारीक सुई धरवत नाही, डोळ्यांना टाका दिसत नाही. त्यांचे सुटलेले विणकाम जाड लोकरीने परत सुरू झालेले पाहणे ही मोठी समाधानाची गोष्ट आहे. सुनेने टाके घालून द्यायचे आणि सासूने ओळी पुढे न्यायच्या, अशी वाटणीही होते.

जाड विणलेले कपडे कोमट पाण्यात रिठ्याने धुवावेत, पिळू नयेत आणि दोरीवर टांगू नयेत, कारण पाण्याच्या वजनाने ते हातभर लांबतात. बाजेवर धोतर पसरून त्यावर आडवे वाळवावेत. फाल्गुनात ऊन तापले की एकदा चांगले ऊन दाखवून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ते पेटीत जातात. मेंढीच्या लोकरीला कसर लागते, आणि ती मळलेल्या, घाम मुरलेल्या कपड्यावर आधी जाते, म्हणून न धुता ठेवू नये.

लेकरू वाढले की स्वेटर उसवतात. आधी शिवण सोडायची, मग टाके बंद केलेल्या टोकापासून धागा ओढत खुर्चीच्या पाठीभोवती त्याची लडी करायची. उसवलेला धागा कुरळा असतो. लडी चार जागी सैल बांधून कोमट पाण्यात बुडवतात आणि खाली पाण्याचा तांब्या अडकवून सावलीत वाळवतात. ताण बेताचाच ठेवतात. धागा सरळ झाला की त्याचा पुन्हा गुंडा होतो, आणि पुढच्या कार्तिकात तो दुसऱ्या एखाद्या गुंड्यासोबत दुपदरी होऊन सुईवर चढतो.