सीलिअ‍ॅक मोठेपणी जातो का?

‘लहान आहे अजून, मोठा झाला की पोळी पचेल,’ असं सीलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार) असलेल्या मुलांच्या आईवडिलांना आजही ऐकवलं जातं. नाही पचणार.

समज जुना आहे. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. सिडनी हास यांनी अशा मुलांना केळ्यांच्या आहारावर ठेवलं. मुलं सुधारली, ती कायमची बरी झाली असं मानून पुढे त्यांना गहूही सुरू झाला. गुण मात्र केळ्यांचा नव्हता, गहू बंद असण्याचा होता. खरा दोषी गहू, हे डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० च्या प्रबंधात मांडलं.

ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, थांबलं की आतडं भरून येतं, आजार जात नाही. पुन्हा गहू पोटात गेला की, पोट दुखो न दुखो, आतड्याला इजा होते. म्हणून सणाची एक पुरणपोळीही नको. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ खुशाल द्या, पण गहू दळणाऱ्या गिरणीतून नको. बाजारच्या हिंगातही बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. हे आजीला आधी सांगा, फोडणी तिच्या हातात असते. आणि ‘मला गहू चालत नाही’ हे वाक्य मुलाला स्वतःला न लाजता म्हणता यायला हवं.