वेधन-बिट, मृदू खडकांसाठी

शेल (पापुद्रे सुटणारा मातीचा खडक), पंकाश्म (चिखल घट्ट होऊन झालेला खडक), ठिसूळ वालुकाश्म, जिप्सम, मीठ अशा थरांतून विहीर घेताना वेधन-नळीच्या टोकाला बसवायचे अवजार. बोलीत नुसते ‘बिट’. कठीण खडक चिरडावा लागतो, मऊ खडक खरवडून निघतो. बिटाची निवड मुख्यतः यावर ठरते.

टेक्ससमधील स्पिंडलटॉप या तेलविहिरीच्या (१९०१) काळी माशाच्या शेपटीसारख्या दोन पात्यांचे ‘फिशटेल’ बिट रूढ होते. मऊ थरात ते झपाट्याने उतरे, कठीण थर लागताच बोथट होई. त्यावरचा उपाय म्हणजे शंकू-बिट, म्हणजे टोकाला दातेरी फिरते शंकू बसवलेले बिट. त्याचे जनकत्व वादग्रस्त आहे. द्विशंकू बिटाची दोन एकस्वे (पेटंट) १० ऑगस्ट १९०९ रोजी हॉवर्ड ह्यूज (ज्येष्ठ) यांना मिळाली. आयोवातील केओकक येथे आईवडिलांच्या घरी दोन आठवड्यांत त्यांनी आराखडा केला, असे एक परंपरा सांगते. ग्रॅनव्हिल ह्युमसन याच्या कथनानुसार मात्र कॉफी दळण्याच्या यंत्रावरून सुचलेला नमुना त्यानेच लुइझियानातील श्रीव्हपोर्टच्या मद्यगृहात ह्यूज यांना १५० डॉलरला विकला. हे कथन सु. चार दशकांनंतरचे असल्याने त्यातील रकमेवर फार भिस्त ठेवू नये. तथापि मूळ कल्पना एकाची, व्यवहार्य घडण दुसऱ्याची, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. त्रिशंकू बिट १९३३ मधील.

कठीण खडकासाठी जन्मलेल्या या बिटाने पुढे मऊ खडकातही फिशटेलची जागा घेतली. त्यासाठी दात लांब व विरळ केले आणि शंकूंचे अक्ष बिटाच्या मध्यापासून किंचित सरकवले, त्यामुळे शंकू फिरता फिरता खरवडतोही. शंकू-बिटांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात (आयएडीसी) बिटाच्या संकेतांकातील पहिला अंक १ असल्यास पोलादी दातांचे, ४ असल्यास कार्बाइडच्या (अतिकठीण धातुसंयुगाच्या) खुंट्यांचे मऊ खडकाचे बिट समजावे. १९७० नंतरच्या दशकांत प्रसार पावलेले कृत्रिम हिऱ्याच्या चकत्यांचे (पीडीसी) बिट पुन्हा कापण्याच्याच तत्त्वावर चालते. एकजिनसी शेलमध्ये ते उत्तम, पण गोटे लागले की चकत्यांचे टवके उडतात.

मऊ थरात बिटावरचा भार कमी व त्याचे फेरे जास्त ठेवतात. चिकट शेलचा गाळ दातांत बसून बिटाचा गोळा होतो. वेग मंदावला म्हणून भार वाढवल्यास गोळा अधिकच घट्ट होतो; भार उतरवून, बिट थोडे उचलून फेरे व चिखलाचा (चुरा वाहून नेण्यासाठी नळीतून सोडलेल्या द्रवाचा) झोत वाढवावा.

महाराष्ट्रातील बहुतांश विंधन विहिरी बेसाल्टात असल्याने तेथे ठोके देऊन खडक फोडणारे हातोडी-बिट चालते. तापी-पूर्णेच्या गाळपट्ट्यात मात्र फिरते वेधन लागते.