केसरच्या खोडातला भिरूड कुठून आला

"केसर आंबा लावला अन् ही कीड आली" असं आपल्याकडं बीड-लातूरला बरेच जण म्हणतात, पण भिरूड, म्हणजे खोड पोखरणारा भुंगेरा, केसरपेक्षा लई जुना आहे. शास्त्रात त्याचं नाव बॅटोसेरा रूफोमॅक्युलाटा, अन् डी गीर नावाच्या स्वीडिश अभ्यासकानं 1775 मध्येच त्याची नोंद केलीय. केसरला केसर हे नाव जुनागढच्या नवाबानं दिलं 1934 मध्ये, मग हिशोब तुम्हीच करा. भिरूड मूळचा आपल्याच भागातला, आंबा, फणस, अंजीर, सावर सगळं खातो, इस्राएलमध्ये बाहेरून पोचला तर तिथं अंजिराची झाडं पार वाळवली त्यानं.

मग आत्ताच एवढा त्रास का? पूर्वी गावरान आंबा बांधावर, ओढ्याकाठी एकेकटा असायचा. 1990 नंतर रोजगार हमीतून फळबागा आल्या, एकाच जातीची कलमं ओळीनं लागली, 2016 ला मराठवाडा केसरला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, पण मिळालं, आनंदच आहे, पण त्याच्या आगंमागं 2012 चा अन् 2015 चा दुष्काळ झाडांनी सोसलाय. मादी शक्यतो जुनं नाहीतर पाण्यावाचून खंगलेलं झाड धरते, म्हणून मला तरी खरं कारण दुष्काळच वाटतो.

मादी सालीला जबड्यानं चीर पाडते अन् एका चिरेत एकच अंडं घालते. अळी पिवळसर पांढरी, बिनपायाची, बोटाएवढी जाड, वाढून तीन-साडेतीन इंच होते, अन् महिनोन्महिने आत लाकूड पोखरत राहते, तिथंच कोष करते. पावसाळ्यात भुंगेरा बाहेर येतो, राखाडी, दोनेक इंचाचा, मानेवर दोन नारिंगी ठिपके, मिशा अंगापेक्षा लांब, अन् हातात धरला की चिर्र चिर्र आवाज करतो, मान मागं घासून काढतो तो.

भोकातून ताजा ओलसर भुसा पडत असंल तर अळी आतच आहे, तारेच्या आकड्यानं ओढून काढा, नाहीतर पेट्रोलचा बोळा घालून चिखलानं लिंपा. भुसा जुना कोरडा अन् बोट जाईल एवढं गोल भोक दिसलं तर भुंगेरा उडून गेलेला असतो, तिथं औषध घालून काय उपयोग नाही, शेजारची खंगलेली झाडं आधी तपासा.